भाचीच्या डब्यातले मासे

चूक दिपमालानं पहिल्याच दिवशी केली, आणि वर हुशारी समजून केली.

चाळीसगावहून काळीपिवळी जीपनं ती आमळगव्हाणला उतरली तेव्हा तिच्या एका हातात थर्माकोलचा डबा होता, दुसऱ्या हातात तलावाचा गाळ काढायचा पाइप, आणि खांद्याला बाटल्यांची पिशवी. तलावाच्या काठावर जाळी वाळत घालणारे भोई तिच्याकडे बघत राहिले. "सरकारी का?" एकानं विचारलं. "नाही, जळगावहून आले, विद्यापीठातून. संशोधन करते." "म्हणजे सरकारीच," दुसरा म्हणाला आणि पाठ फिरवून जाळ्याच्या गाठी सोडवायला लागला. कुणी पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. अर्धा तास उन्हात उभी राहिल्यावर दिपमालानं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"माझी आई इथलीच," ती म्हणाली. "धनसिंग पाटलांची कुंदा."

झालं! साठीचा सुकदेव भोई हातातलं जाळं टाकून तडक पुढे आला. "कुंदानी पोर? धनसिंग आप्पानी नात?" त्यानं तिला खालून वर न्याहाळलं आणि हसला. "हाऊ नाक तं आप्पानंच शे. मंग तू आम्हनी भाची शे व माय!" असं म्हणून तो माणूस चक्क वाकला आणि तिच्या चिखलानं बरबटलेल्या बुटांना हात लावून तो हात त्यानं कपाळाला लावला. दिपमाला दोन पावलं मागे सरकली. "अहो मामा, हे काय!" तिच्या तोंडून आपोआप मामा निघालं आणि सगळे खूश झाले.

आता खानदेशात भाची म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शंभर ब्राह्मण जेवू घाला नाहीतर एक भाची, पुण्य सारखंच म्हणतात. आणि भाची काही एका घराची नसते. पाटलाची लेक गावची लेक, म्हणून भोयाची बहीण, आणि तिची पोरगी अख्ख्या गावाची भाची. त्या दिवशी सुकदेवच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, दिपमालाला कुंकू लावलं, पाटावर बसवून शेवभाजी-भाकरी वाढली, आणि निघताना सुकदेव म्हणाला, "तुले कसाले पाह्यजे मासा ते मी नई इचारत. दर पंधरवाडाले ये. भाचीले नई म्हनाले तोंड शे का आम्हले?"

जळगावात मेहरूणच्या आपल्या खोलीवर परतताना ती स्वतःवर बेहद्द खूश होती. इतरांना गावात शिरायला सहा महिने लागतात. हिनं अर्ध्या तासात गाव खिशात घातलं.

तिला मासे कशासाठी हवे होते, तेही सांगायला हवं. तलावाला पाणी देणाऱ्या नाल्यावर, गावापासून चारेक किलोमीटर वर, पत्र्याच्या एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळायची भट्टी चालायची. पाटी नाही, परवाना नाही. पाऊस पडला की तिथली राख नाल्यात आणि नाल्यातून तलावात. शिसं पाण्यात दिसत नाही, पण गाळात बसतं, गाळातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून माणसात आणि पाखरात. ते किती चढलंय हे मोजायचं, हाच दिपमालाचा पीएच.डी.चा विषय. तिचे मार्गदर्शक रोनक सर. घर जैन, सात पिढ्यांत कुणी मासा तोंडात घातलेला नाही, आणि हा माणूस माशांवर संशोधन करवून घेतो म्हणून विभागात सगळे त्यांची चेष्टा करत. पण माणूस कामाला चोख. त्यांचा पहिला धडा एकच होता : "दिपमाला, नमुना आपल्या डोळ्यांदेखत घ्यायचा. दुसऱ्याच्या हातून आलेला नमुना म्हणजे ऐकीव बातमी."

पाणी आणि गाळ ती डोळ्यांदेखतच घ्यायची. मासे तेवढे नाही. जाळी काढायची पहाटे आणि जळगावहून पहिली गाडी धरली तरी आमळगव्हाणला साडेदहा वाजायचे. तोवर सुकदेवमामाच्या ओट्यावर ओल्या गोणपाटाखाली मासे तयार असायचे. मृगळ, रोहू, कधी एखादी मरळ. ताजे, चकचकीत, लाल कल्ल्यांचे. ती वजन करायची, लांबी मोजायची, पिशवीत घालायची आणि चिठ्ठीवर लिहायची : ठिकाण – आमळगव्हाण तलाव. एकदा तरी पहाटे येऊन होडीत बसायला काय झालं होतं? एकदा ती तसं म्हणालीही होती. "तुले थंडी बाधी जाई," मामा म्हणाला, आणि पोरगीनं ऐकलं. मामावर कसला अविश्वास दाखवायचा!

दोन वर्षं असं चाललं. आणि निकाल काय येत होते? मासे स्वच्छ. एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक वेळी. गाळात शिसं भरपूर, पाण्यात थोडं, आणि माशात नावाला. रोनक सर कपाळाला आठ्या घालून आकडे बघत राहिले, यंत्र दुसऱ्यांदा तपासून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, "चांगलंच आहे ना. गरिबांच्या ताटात विष नाही, याचा आनंद मानू." मधला अहवाल गेला. त्यात शेवटची ओळ दिपमालानं स्वतः लिहिली होती : तलावातील मासे खाण्यास योग्य आहेत. मच्छीमार सोसायटीनं त्या पानावर प्लॅस्टिक चढवून ते रस्त्यालगतच्या विक्रीच्या टपरीवर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सुकदेव ते बोटानं दाखवायचा. "आम्हनी भाचीनं लिखेल शे."

त्याच सुमारास त्याची सून पुनम पोटुशी राहिली. लग्नाला सहा वर्षं झालेली. या सहा वर्षांत पोरीनं काय काय ऐकलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. आता घरात तिला तळहातावर झेलत होते. पुनम धुळ्याची, दहावी झालेली, आणि घरात दिपमालाला भाची न म्हणता बोलणारी तीच एकटी. तिनं एकदा दिपमालाला चुलीशेजारी गाठलं.

"ताई, खरं सांगा. इथल्या माशांना मला वास येतो. मातीसारखा, कसलातरी. खाल्ले की तोंड कडू होतं. डॉक्टर म्हणतात मासे खा, सासूबाई रोज करतात, आणि मी गुपचूप मांजराला टाकते. खाऊ की नको?"

दिपमाला हसली. "अगं, हे डोहाळे आहेत. मी दोन वर्षं हे मासे तपासतेय. या तलावासारखे स्वच्छ मासे अख्ख्या जिल्ह्यात मिळायचे नाहीत. नाक दाब आणि खा."

"नक्की ना?"

"तुझ्या बाळाची शप्पथ."

असली शप्पथ कुणी घेऊ नये. आपल्या पोटचं नाही, त्याच्यावर हात ठेवून तर मुळीच घेऊ नये. पण जीभ सैल सुटली की सुटली. पुनमनं त्या दिवसापासून नाक दाबून खायला सुरुवात केली. दुपारी एक तुकडा, संध्याकाळी एक.

जानेवारीत तलावावर पाणकावळे मरायला लागले. आधी एक, मग तीन, मग काठच्या बाभळीखाली ओळीनं सहा. जिवंत होते तेही मान वाकडी करून पंख ओढत चाललेले. दिपमालानं एक मेलेला पाणकावळा बर्फात घालून नेला आणि त्याचं यकृत तपासलं. यंत्रानं दिलेला आकडा बघून तिनं यंत्र बंद केलं, चहा पिऊन आली आणि पुन्हा सुरू केलं. आकडा तोच. इतकं शिसं तिनं आजवर फक्त गाळात पाहिलं होतं.

"पाखरू बाहेरून आलं असेल," रोनक सर म्हणाले, पण त्यांचा स्वर पडला होता. "सगळीच्या सगळी बाहेरून खाऊन आली आणि इथे येऊन मेली?" दिपमालानं विचारलं. पाणकावळा मासे खातो. मासे स्वच्छ आहेत. मग पाणकावळा कशानं मेला? चार दिवस ती हेच घोकत बसली. रात्री डोळा लागेना, दिवसा जेवण जाईना. जिच्या पोटात हे मासे जात होते ती पुनम मनात येत होती आणि दिपमाला तिला मनातून हाकलत होती. माझ्या वहीत दोनशे मासे आहेत, ती स्वतःला सांगत होती, आणि दोनशेच्या दोनशे स्वच्छ आहेत.

पाचव्या दिवशी पंधरवडा नसताना ती आमळगव्हाणला गेली. सुकदेवच्या ओट्यावर एक पाहुणा बसला होता. धुरपदाबाईचा भाऊ, नवल. गिरणा धरणावर जाळी टाकणारा गडी, जाडजूड, मोकळ्या तोंडाचा. बहिणीकडे आला होता. दिपमालाला बघताच उठून उभा राहिला आणि पायांकडे वाकला.

"हाईच ना ती भाची?" तो म्हणाला. "काय माय, गिरणाना मासा गोड लागना ना?"

"कोणता मासा?" दिपमालानं विचारलं.

"आवं, तुना मामा दर पंधरवाडाले मनाकडे येस ना! पहाटनी पहिली एस.टी. धरीसन. म्हनस, नवल, भाचीना डबामा टाकना शे, निवडीसन दे. मी बी मंग चांगला चांगला काढी ठेवस." नवलचं तोंड कौतुकानं फुललं होतं. "दोन वरीसमा एकदाबी खाडा नई तुना मामाना!"

दिपमालाच्या हातातला डबा खाली आला. धुरपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. सुकदेव जाळ्याला शिशाचे मणी बसवत होता, एक मणी दातांत धरून दाबत होता. त्यानं लाजून मान खाली घातली. केलेलं पुण्य दुसऱ्यानं बोलून दाखवलं की माणूस लाजतो, तसा.

"मामा," ती म्हणाली, "मी इथले मासे मागितले होते."

"आठला, ह्या तलावना मासा तुले कसा देवू माय?" सुकदेवनं दातातला मणी काढला. "त्याले वास येस. आम्ही खातस, आम्हले सवय शे. पन भाचीना पदरमा असं कोनी टाकस का? कुंदाअक्काले काय तोंड दाखाडतू मी?"

"मला खायला नको होते!" ती किंचाळली. "कापायला हवे होते! त्यात शिसं आहे का ते बघायचं होतं!"

"शिसं?" सुकदेव गोंधळला. त्यानं हातातला मणी पुढे केला. "शिसं तं हाई शे. ते मासामा कसं जाई?" गेल्या दोन वर्षांत दिपमालानं त्याला एकदाही हे नीट समजावून सांगितलं नव्हतं. भाचीनं काही समजावून सांगायचं नसतं, नुसतं मागायचं असतं, आणि ती नुसती मागत आली होती.

मग तिनं समजावलं. भट्टी, राख, नाला, गाळ, मासा. पाणकावळे. भरभर, चुकत, रडत. सुकदेव ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर तिच्यावरून निघून घरात गेली. आत पुनम जेवायला बसली होती. पाय पसरून, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, डाव्या हातानं नाक दाबून. ताटात माशाचा रस्सा होता. तलावातल्या.

सुकदेव उठला. सुनेच्या समोर सहसा न जाणारा तो माणूस थेट आत गेला, वाकला आणि तिच्या पुढचं ताट उचललं. पुनमचा घास हातातच राहिला. तिनं आधी सासऱ्याकडे बघितलं, मग दारातल्या दिपमालाकडे.

"काय झालं ताई?" तिनं विचारलं.

पुनम काही बुद्धू नव्हती. तिनं हातातला घास जमिनीवर ठेवला आणि पदरानं हात पुसत राहिली, पुसतच राहिली.

त्याच आठवड्यात दिपमालानं पुनमचं रक्त तपासून घेतलं. आकडा जो यायचा तोच आला. औषध सुरू करायचं की नाही यावर चाळीसगावच्या आणि धुळ्याच्या डॉक्टरांचं एकमत होईना, कारण पोटात बाळ. एकमत व्हायच्या आत, अठराव्या दिवशी, पुनमच्या पोटात कळा आल्या. मुलगा होता. रडलाच नाही. डॉक्टरीण बाई म्हणाली, कारणं शंभर असतात, याच कारणानं गेलं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दिपमालानं ते वाक्य घट्ट धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. पण तिला आकडे वाचायची सवय होती आणि शप्पथही तिनंच घेतली होती.

ती भेटायला गेली तेव्हा पुनम भिंतीकडे तोंड करून निजली होती. धुरपदाबाई भांडणार, शिव्या देणार, असं दिपमालाला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारी फक्त एवढंच म्हणाली, "तू सांगं म्हनीसन तिले दिधं व माय. ती तं नई म्हनत व्हती." तेही रागानं नाही. घडलं तसं सांगितलं.

दिपमालानं अहवाल मागे घेतला. तो कसा चुकला, कुणाच्या चुकीनं चुकला, हे लिहून दिलं. रोनक सर म्हणाले, "मामाचं नाव घालू नकोस." ती म्हणाली, "घातलंच नाही. चूक माझी आहे, माझंच घातलंय." टपरीवरचं प्लॅस्टिकचं पान सोसायटीनं उतरवलं आणि पाठोपाठ टपरीही उतरवली, कारण आता त्या तलावाचा मासा कुणी फुकट घेईना. भट्टीवर एक सरकारी जीप गेली, दोन नोटिसा चिकटल्या. पंधरा दिवस धूर बंद होता. मग तोच पत्रा, तेच पिंप, नाल्याच्या दुसऱ्या काठाला उभे राहिले. वरातीमागून घोडं म्हणतात, इथं तर वरातही गेली आणि घोडंही.

पण दिपमालाचं काम संपलं नव्हतं. भट्टी हलवायची तर पुरावा हवा, पुरावा म्हणजे मासे, आणि मासे म्हणजे पुन्हा आमळगव्हाण. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी ती गेली. या खेपेला मुक्कामाला चाळीसगावात राहिली आणि पहाटे पाचला तलावावर पोचली. गावात झोके बांधायला सुरुवात झाली होती, सासुरवाशिणी माहेरी येऊ लागल्या होत्या. पुनम धुळ्याला गेली होती, आणि परत कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं.

सुकदेव काठावर होता. तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली आणि होडी पाण्यात ढकलली. ती चढली. त्यानं हात दिला नाही, तिनं मागितलाही नाही. थंडी बाधेल असंही तो म्हणाला नाही. मधोमध जाऊन त्यानं जाळं ओढलं. हात पूर्वीसारखे सरसर चालत नव्हते. जाळ्यात मृगळ होते. मळकट, अंगावर फोड आलेले, एकाचा डोळा पांढरा. होडीत तो वास पसरला, मातीचा आणि आणखी कशाचातरी, आणि पुनम जे सांगत होती ते दिपमालाला पहिल्यांदा कळलं. इतके दिवस ते तिच्या नाकाशी आलंच नव्हतं.

काठावर आल्यावर तिनं डब्याचं झाकण उघडलं. तिला वाटलं, आता मामा काहीतरी बोलेल. एखादी शिवी, एखादा हुंदका. "मामा," तिनंच सुरुवात केली, "मला माफ..."

सुकदेवनं तिच्याकडे बघितलं नाही. तो जाळ्यातले मासे सोडवत होता. निवडत नव्हता, हाताला येईल तो काढत होता.

"कितला लागतीन, मॅडम?" त्यानं विचारलं.

दिपमालानं डबा पुढे सरकवला. मग म्हणाली, "सहा."

त्यानं सहा मोजून डब्यात टाकले, हात पाण्यात बुचकळले आणि जाळं खांद्यावर टाकून घराकडे निघून गेला. तिनं खाली बसून चिठ्ठ्या लिहिल्या. सहाही चिठ्ठ्यांवर तिनं तेच लिहिलं जे ती दोन वर्षं लिहीत आली होती : ठिकाण – आमळगव्हाण तलाव. या वेळी ते खरं होतं.